मुलगी लीड्सला घर घेतेय. चाव्या हातात यायच्या आधीच विमा? ही काय भानगड?

राजमहालरोडकर
नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय.
लेक आणि जावई आठ वर्षं इंग्लंडात आहेत, आता लीड्सला घर घेतायत. कर्कस्टॉल म्हणून भाग आहे. १९३० च्या सुमाराचं विटांचं घर, एका बाजूने शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेलं, मागे लांबट परडं. किंमत ३ लाख १० हजार पौंड. कर्ज मंजूर झालंय. काल व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या गुरुवारी एक्स्चेंज आहे. त्या दिवसापासून घराचा विमा चालू हवा असं सॉलिसिटर म्हणतोय." म्हटलं, ताबा कधी? तर म्हणे तीन आठवड्यांनी.
म्हणजे घरात अजून विकणारा म्हातारा राहतोय, त्याची मांजर राहतेय, चाव्या त्याच्या खिशात, आणि विम्याचा हप्ता भरायचा आमच्या लेकीने? मी रिफायनरीत चौतीस वर्षं काढली, कागदपत्रं मला नवीन नाहीत. पण मांजलपूरचा फ्लॅट घेतला तेव्हा दस्त झाला, चाव्या घेतल्या, कलश ठेवला, मग बँकेने गळ्यात मारला म्हणून विमा घेतला. हा उलटा क्रम कुठेच पाहिला नाही.
आणखी एक खटकतंय. घर ३ लाख १० हजारांचं, आणि पॉलिसीवर रक्कम फक्त २ लाख ३५ हजार. हे कमी नाही का? वरून नदी आहे जवळ. एअर नाव तिचं, घरापासून चालत सात-आठ मिनिटं. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी जन्म गेल्यावर नदी म्हटलं की पोटात गोळा येतो. कोणी तिथे घर घेतलं असेल तर सांगा ने.

मगरमिठी
काका, मांजरीचा विमा वेगळा असतो. आधी ती ताब्यात येतेय का ते विचारून घ्या.

लेस्टरवासी
काका, मूळचा दांडिया बाजारचा, आता एकवीस वर्षं लेस्टरला. सॉलिसिटर बरोबर सांगतोय. उशीर करू नका.
इंग्लंड-वेल्समध्ये घराचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. बोली मान्य झाली तरी एक्स्चेंजपर्यंत कोणीही मागे फिरू शकतो, आणि फिरतात. माझ्या पहिल्या घराचा विकणारा एक्स्चेंजच्या आदल्या आठवड्यात फिरला, सर्व्हेचे पैसे पाण्यात. एक्स्चेंज म्हणजे दोन्हीकडच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल. तेव्हा साधारण दहा टक्के रक्कम द्यायची, आणि तिथून दोघेही बांधले गेले. आपल्या साठेखतासारखं समजा, पण फार कडक. कम्प्लीशन म्हणजे उरलेले पैसे आणि चाव्या.
आता गोम इथे आहे. तिथले सॉलिसिटर ज्या छापील प्रमाणित अटी वापरतात, त्यांची पाचवी आवृत्ती २०११ ची. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की कराराच्या दिवसापासून घराची जोखीम विकत घेणाऱ्याची. समजा शुक्रवारी म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि छप्पर गेलं. तरी तुमच्या लेकीला तीन आठवड्यांनी ३ लाख १० हजार मोजून ते जळकं घर ताब्यात घ्यावंच लागणार. नाही घेतलं तर दहा टक्के गेले, वर नुकसानभरपाईचा दावा. म्हणून विमा एक्स्चेंजपासून. कर्ज देणारी बँकही ही अट घालतेच.
फ्लॅट असता तर गोष्ट वेगळी. लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच्या फ्लॅटमध्ये इमारतीचा विमा जमीनमालक काढतो आणि खर्च सर्व्हिस चार्जमधून वसूल करतो. आपण फक्त सामानाचा काढायचा. अगदी नवं बांधलेलं घर बिल्डरकडून घेतलं तर सहसा ताब्यापर्यंत जोखीम बिल्डरची. पण जुनं, स्वतंत्र घर असेल तर गुरुवार म्हणजे गुरुवार.

वडसरची_वेणू
हा कुठला न्याय? राहतोय तो, आग लावणार तो, आणि भोगायचं हिने?

पोळकर
आणि त्याचाही विमा चालूच असेल ना? एका घरावर दोन विमे, दोघांनी हप्ते भरायचे. कंपन्यांची दिवाळी.

लेस्टरवासी
पोळकर, त्याचा असतो. त्याच्याही बँकेचं कर्ज असेल तर ताबा देईपर्यंत तो बंद करता येत नाही. पण ती पॉलिसी त्याच्या नावाची. तिच्यातून तुम्हाला काही मिळेल असं धरून चालायचं नाही. तीन आठवड्यांचा हप्ता किती होतो? वर्षाचे तीनशे पौंड धरले तर वीस पौंडही नाहीत. वीस पौंडांसाठी तीन लाख टांगणीला लावणार का?
वेणूताई, मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. कायदा म्हणतो, करार झाला तेव्हा घर मनाने तुमचं झालं. चाव्या ही नंतरची गोष्ट.

मगरमिठी
म्हणजे साखरपुडा झाल्यावर मुलीचा दवाखान्याचा खर्च सासरच्यांनी करायचा.

लेस्टरवासी
अगदी हेच. आता हे मी इथल्या प्रत्येक नव्या पोराला सांगणार.

सर्व्हेयरकाका
राजमहालरोडकर, तुमच्या २ लाख ३५ हजारांबद्दल लिहितो. तीस वर्षं विम्याचे क्लेम तपासलेत, आगीचे आणि पुराचे दोन्ही, त्यामुळे जरा लांबेल.
विमा कशाचा काढतो आपण? घराचा. जमिनीचा नाही. ३ लाख १० हजारांत जमीन आली, शाळा जवळ असल्याची किंमत आली, स्टेशन आलं. घर पूर्ण जळलं तरी जमीन कुठे जात नाही, शाळाही जागेवरच. परत बांधायला काय लागेल, म्हणजे राडारोडा उचलणं, आर्किटेक्टची फी, विटा, मजुरी, तेवढी रक्कम पॉलिसीवर हवी. तिथे कर्जासाठी जो बँकेचा व्हॅल्युअर जातो, त्याच्या अहवालात हा आकडा वेगळा लिहिलेला असतो. तुमच्या लेकीने तो तिथूनच उचलला असणार. म्हणजे हुशार आहे.
उलट चूक मात्र महागात पडते. २०२४ च्या ऑगस्टअखेर आपल्याकडे पाणी आलं, त्यानंतर मी दोन महिने चपला वाळवल्या नाहीत. कारेलीबागेत एका घरात गेलो. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ माझ्या छातीएवढी, फ्रिज आडवा पडून दिवाणावर चढलेला, आणि आजी ओट्यावर बसून एकेक फोटो कापसाने टिपतेय. घराला विमा होता, भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी आहे आपल्याकडे. तिच्यात पूर मुळातच धरलेला असतो आणि रक्कम थोडी कमी पडली म्हणून क्लेम कापत नाहीत. आजींना पैसे मिळाले.
तिथून रावपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. माल वीस लाखांचा, विमा दहा लाखांचा, कारण "काका, सगळं थोडंच बुडणार आहे!" नुकसान चार लाख. दुकानाला मात्र ॲव्हरेजचं कलम लागतं. अर्ध्याचा विमा तर अर्धाच क्लेम. चाराचे दोन झाले. तो मनुष्य अजून रस्त्यात दिसला की मान फिरवतो, जणू पाणी मीच आणलं.
इंग्लंडातही पुनर्बांधणीचा आकडा कमी सांगितला तर क्लेम त्या प्रमाणात कापू शकतात. म्हणून २ लाख ३५ बरोबर आहे का एवढंच पाहा. ३ लाख १० शी तुलना करू नका.

हौशी_गुंतवणूकदार
काका, मान राखून सांगतो, पटलं नाही. जास्तीची रक्कम टाकली तर बिघडलं काय? मी अलकापुरीच्या फ्लॅटचा बाजारभावानेच काढलाय. मनाला शांती.

सर्व्हेयरकाका
शांती महाग पडते इतकंच. दोन कोटींचा काढा नाहीतर पाच, कंपनी देणार बांधायला लागतील तेवढेच. वरच्या रकमेचा हप्ता तुम्ही दरवर्षी मंदिराच्या पेटीत टाकल्यासारखा आहे. फरक एवढाच की पेटीतल्याचं पुण्य मिळतं.

हौशी_गुंतवणूकदार
उद्या एजंटला फोन करतो.

ह्यूस्टनची_मावशी
माझी सगळी शाळा खंडेराव मार्केटच्या मागे झाली, आता टेक्सासात चौदा वर्षं. इकडचं सांगते, कारण धाग्याच्या नावावरून बाकी लोकही वाचतील.
इथे ताबा आणि पैसे एकाच दिवशी, क्लोजिंगला. तोवर जोखीम सहसा विकणाऱ्याचीच. पण पहिल्या वर्षाचा विमा भरल्याचा कागद आधी दाखवल्याशिवाय बँक क्लोजिंग करत नाही. नंतर दर महिन्याच्या हप्त्यातच विमा आणि मालमत्ता कर बँक काढून घेते, त्याला एस्क्रो म्हणतात. विमा चुकून बंद पडला तर बँक स्वतःच एक विमा लावून देते. तो महाग असतो आणि बँकेचं हित राखतो, तुमच्या सोफ्याचं नाही.
सगळ्यात मोठी चूक: इथल्या साध्या घरविम्यात पूर नसतो. नसतो म्हणजे नसतोच. पुराचा वेगळा घ्यावा लागतो, बहुतेक जण सरकारी योजनेतून घेतात. ती १९६८ पासून आहे, घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. आणि पॉलिसी लागू व्हायला तीस दिवस लागतात. कर्ज घेताना क्लोजिंगच्या वेळी काढली तर मात्र लगेच. २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या किती जणांनी रेडिओवर बातमी ऐकून फोन केले! तीस दिवस म्हटल्यावर फोन ठेवला. आमच्याकडे पाणी पायरीपर्यंत येऊन थांबलं. मी त्या रात्री इथल्या माडीवर बसून विश्वामित्रीला नमस्कार केला, कुठली नदी ऐकते कोण जाणे.
अजून एक, वादळ-गारांच्या नुकसानीत आपला वाटा टक्क्यांत असतो. चार लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आधीचे आठ हजार आपल्या खिशातून. सही करताना "दोन टक्के" काहीच वाटत नाही.

कट्टर_बडोदेकर
मला एक कळत नाही. गारा, पूर, भूकंप, वादळ, वर साखरपुड्याचे कायदे. एवढं सगळं असताना तिकडे घर घ्यायचंच कशाला? इथे वाघोडिया रोडला त्या पैशात बंगला येईल, शेजारी सेव-उसळ मिळेल.

मगरमिठी
आणि परड्यात विश्वामित्रीतली मगर येईल, फुकट. पावसाळी ऑफर.

कट्टर_बडोदेकर
मगर घरात येत नाही, रस्त्यात येते. वनखातं येऊन घेऊन जातं. हप्ता लागत नाही.

वडसरची_वेणू
आमच्या सोसायटीत २०१९ च्या जुलैअखेर आली होती, पार्किंगमध्ये. एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस. वॉचमनने तिला आधी टायर समजून लाथ मारली.

इंदूरी_पोहे
इंदूरहून वाचतोय. आमच्याकडे नदीला पाणीच नसतं, त्यामुळे विमा कंपन्या सुखी आणि आम्ही सराफ्यात.

सर्व्हेयरकाका
विषयावर या. मगरीने केलेलं नुकसान कुठल्याच पॉलिसीत मी पाहिलं नाही, इतकं सांगून हे प्रकरण मिटवतो.

राजमहालरोडकर
हसून पुरेवाट. सर्व्हेयरकाका, तुमचं बरोबर निघालं, लेकीने तो आकडा बँकेच्या अहवालातूनच घेतला होता. मी तिला उगाच "कमी दाखवून हप्ता वाचवतेस का" म्हणून बोललो होतो, माफी मागितली. आता नदीचं कोणीतरी सांगा. आणि रावपुऱ्यातला एक एजंट म्हणतो की इथूनच "ऑल वर्ल्ड" पॉलिसी करून देतो, रुपयांत. स्वस्त पडेल म्हणे.

सर्व्हेयरकाका
त्याला नमस्कार करा आणि घरी या. आपल्याकडच्या घरविम्याला भारतातलंच घर लागतं. लीड्सची बँक तसला कागद बघणारही नाही, त्यांना तिथल्या परवानाधारक कंपनीचाच हवा. त्याने बहुधा प्रवासविमा दाखवला असेल.

राजमहालरोडकर
प्रवासविमाच होता. आत्ता चष्मा लावून वाचला.

लेस्टरवासी
नदीबद्दल. कर्कस्टॉल ऐकून मीही दचकलो होतो, कारण २०१५ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी एअर नदी तिथे कर्कस्टॉल रोडवर आली होती. पण घाबरायचं नाही, बघायचं. पर्यावरण खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकला की त्या घराला नदीच्या पुराचा आणि तुंबलेल्या पाण्याचा, दोन्हीचा धोका किती ते वेगवेगळं दिसतं. दुसरा लोक विसरतात. उतारावरच्या घरांत नदी येत नाही, रस्ता येतो.
अमेरिकेसारखं इथे नाही. पूर साध्या पॉलिसीतच असतो, पण पूरप्रवण भागात हप्ता अंगावर येतो किंवा आपला वाटा मोठा ठेवतात. त्यासाठी २०१६ च्या एप्रिलपासून फ्लड री नावाची व्यवस्था आहे. विमा कंपनी पुरापुरती जोखीम तिकडे ढकलते, त्यामुळे हप्ता आटोक्यात राहतो. आपण काही अर्ज करायचा नसतो, कंपनीच करते. २००९ च्या आधी बांधलेली घरंच त्यात येतात, तुमचं तर १९३० चं. नवीन घरं मुद्दाम बाहेर ठेवलीत, नाहीतर बिल्डर नदीतच बांधायला लागले असते. २०३९ पर्यंत ही व्यवस्था आहे.
आणि लीड्सकडे जुन्या कोळशाच्या खाणी आहेत. सॉलिसिटरने खाणींचा शोध घेतलाय का, विचारा. खाणीमुळे जमीन खचली तर त्याचा कायदा वेगळा आहे, १९९१ चा. साध्या खचण्याचा, म्हणजे मातीच्या, आपला वाटा हजार पौंडांच्या घरात असतो, बाकीच्या क्लेमला शंभर-दोनशे असतो तसा नाही. मोठं झाड घराला टेकून आहे का तेही बघा.

राजमहालरोडकर
झाड आहे. परड्याच्या टोकाला. लेक म्हणते विलो आहे, छान दिसतो.

लेस्टरवासी
विलो छान दिसतो आणि पाणी फार पितो. घरापासून किती लांब ते मोजायला सांगा. अर्जात विचारतात.

राइनकाठ
जर्मनीहून दोन ओळी. इथे जुनं घर घेतलं तर विकणाऱ्याची इमारतीची पॉलिसी कायद्यानेच तुमच्याकडे येते. जमिनीच्या नोंदवहीत तुमचं नाव चढल्यावर एक महिन्यात ती बंद करायचा हक्क असतो. म्हणजे काकांचा प्रश्नच इथे पडत नाही. पण त्या जुन्या पॉलिसीत पुराचं जोडकलम बहुधा नसतं. २०२१ च्या जुलैत आर नदीच्या खोऱ्यात पाणी आलं तेव्हा ते कलम नसलेली कितीतरी घरं निघाली. मी इथे घर घेतलं २०१९ ला, ते कलम २०२१ च्या ऑगस्टात घेतलं. माणूस पूर बघून शिकतो, बडोद्याचा असूनही.

आकडेमोड
मी सीए आहे, माझं काम नसताना घुसतोय. काका, लेकीला काही रक्कम पाठवणार आहात का? तसं असेल तर ऐका. तुम्ही निवासी म्हणून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकता, नातेवाइकाला भेट म्हणूनही. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवलं तर कमी अडकतात. तिकडची बँक "ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही" असं पत्र मागेल. घरावर स्वतःचं नाव चढवू नका. चढवलंत तर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरत बसाल, आणि ते भरायला माझ्याकडेच याल.

राजमहालरोडकर
पाठवले बारा लाख, मागच्या महिन्यात. पत्रावर सही केली. "परत मागणार नाही" लिहिताना बायकोने माझ्याकडे पाहिलं.

कारेलीबागची_सून
एक राहून जातंय सगळ्यांचं. रिकामं घर.
मी सहा वर्षं कॉव्हेंट्रीला होते. नणंदेच्या लग्नाला सात आठवडे बडोद्याला आलो, डिसेंबर-जानेवारी. हिटिंग बंद करून आलो, म्हटलं कशाला गॅस जाळायचा. मेंदी लावून बसले होते आणि शेजारणीचा फोन. दारातून पाणी येतंय. पोटमाळ्यातली नळी गोठून फुटली होती. ओल्या प्लास्टरसकट छत आमच्या पलंगावर उतरलं, खालच्या खोलीतलं देवघर भिजलं, गालिचा उचलला तर स्पंजासारखा पिळत होता. हात मेंदीचे, फोन स्पीकरवर, आणि कंपनीची बाई शांतपणे विचारतेय, "घर किती दिवस रिकामं होतं?" मी खरं सांगितलं. पॉलिसीत लिहिलं होतं, तीस दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर पाण्याचं नुकसान नाही. एक पैसा मिळाला नाही. आम्ही ते कलम वाचलंच नव्हतं, ३८ पानी कागद होता.
काही कंपन्या तीस दिवस धरतात, काही साठ. आपली माणसं तर सहा-सात आठवड्यांसाठीच येतात भारतात! आधी कळवलं तर बऱ्याचदा मुदत वाढवून देतात, अट घालतात की हिटिंग अमुक अंशांवर चालू ठेवा किंवा पाणी मुख्य नळाला बंद करून नळ्या रिकाम्या करा, कोणीतरी येऊन बघत जा. तुमच्या लेकीला आत्ताच साठ दिवसांची घ्यायला सांगा. आणि दागिने! सामानाच्या विम्यात एका वस्तूची मर्यादा असते, साधारण दीड हजार पौंड. त्याच्या वरचं मंगळसूत्र, पाटल्या, एकेक नाव घालून लिहावं लागतं, किंमतीच्या कागदासकट. भारतीय घरात सोनं असतं हे तिकडच्या चोरांनाही माहीत आहे, दिवाळीच्या आधी पोलीस सावध करतात.

ह्यूस्टनची_मावशी
सूनबाई, वाचून पोटात कालवलं. देव वाचले ना?

कारेलीबागची_सून
बाळकृष्ण वाचले. पोथ्या गेल्या.

पोळकर
म्हणूनच म्हणतो, विमा म्हणजे ऊन असताना छत्री देतात आणि पाऊस आला की परत मागतात.

सर्व्हेयरकाका
पोळकर, छत्रीला भोक कुठे आहे ते त्यांनी लिहून दिलेलं असतं. आपण वाचत नाही. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. कंपन्या काही संत नाहीत, पण त्या आजींना पैसे मिळाले हेही खरंच आहे.

राजमहालरोडकर
काल रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिघं अर्ज भरत बसलो होतो. मी इकडे, ती दोघं तिकडे. प्रश्न बघा: पुढच्या दाराचं कुलूप कुठल्या प्रकारचं, पाच लिव्हरचं का? आता घर ताब्यात नाही, कुलूप कसं बघणार? लेकीने घर बघायला गेली तेव्हाचा फोटो मोठा केला, कुलपाच्या पट्टीवर ब्रिटिश मानकाची पतंगासारखी खूण दिसली. जावई म्हणाला, "बाबा, तुम्हीच बघा, तुम्ही मेंटेनन्सवाले." चौतीस वर्षं व्हॉल्व्हवरचे बारीक आकडे वाचले, त्याचा आज उपयोग झाला. बीएस ३६२१. पाच लिव्हर.
विलो घरापासून एकोणीस मीटर. खाणींचा अहवाल आला, घराखाली काही नाही. पिनकोड टाकला, नदीचा धोका कमी, तुंबणाऱ्या पाण्याचा मध्यम. साठ दिवसांची पॉलिसी मिळाली, सूनबाई, तुमचं नाव घेऊनच शोधली. पाटल्या वेगळ्या लिहिल्या. कर धरून वर्षाचे ३४१ पौंड. मासिक हप्ते केले असते तर व्याज लागत होतं, एकदम भरले.

लेस्टरवासी
उत्तम. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा आकडा आला की तरीही बाजारात विचारून बघायला सांगा. २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त लावता येत नाही, पण दुसरी कंपनी स्वस्त असू शकतेच.

कट्टर_बडोदेकर
वास्तुशांतीला बोलावताय ना?

राजमहालरोडकर
(अडीच आठवड्यांनी)
धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं घडलं. गुरुवारी एक्स्चेंज झालं, त्याच दिवसापासून विमा. त्या पुढच्या सोमवारी तिकडे वादळ झालं. छपराच्या चार कौलांचे तुकडे परड्यात पडले आणि परड्याचं लाकडी कुंपण एका रेषेत आडवं झालं, सगळंच्या सगळं. म्हाताऱ्याने फोटो पाठवले. सोबत लिहिलं होतं, "तुमचं कुंपण पडलंय." *तुमचं.* लेस्टरवासी, तुमचा साखरपुडा अक्षरशः पटला.
लेकीने कंपनीला फोन केला. कौलांचा क्लेम घेतला, आपला वाटा अडीचशे पौंड वजा करून. कुंपणाला नकार. बहुतेक पॉलिसींत वादळाने पडलेलं कुंपण, फाटक, झुडपं धरत नाहीत म्हणे. पान २२, तळाची ओळ. मी पान २१ पर्यंत वाचलं होतं.

सर्व्हेयरकाका
कुंपण सहसा कोणी देत नाही. मीच सांगायला हवं होतं.

मगरमिठी
काका, मांजरीचं काय झालं ते सांगा. तिकडे कुंपण नाही म्हणजे ती आता येतच राहणार.

राजमहालरोडकर
परवा कम्प्लीशन. म्हातारा घेऊन जातोय तिला. जावई म्हणतो, खाण्याची वाटी मात्र ओट्याखालीच ठेवणार आहे तो, कारण जुनी सवय म्हणून परत आली तर. आता हे सामानाच्या विम्यात लिहायचं का, ते तुम्ही ठरवा.